गमबुटातली हॅटी

एकनाथ मेश्रामांनी नागपुरात चाळीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पाट्या रंगवल्या. दवाखाने, किराणा, निवडणुका, चौदा एप्रिलचे मोठाले फलक. बायको गेल्यावर लेकीनं, जागृतीनं, त्यांना विस्कॉन्सिनला नेलं. ती तिथे गुरांची डॉक्टर. चहूकडे मका आणि गोठे. एकनाथरावांचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणं हातवाऱ्यांनीच.

शेजारची नऊ वर्षांची हॅटी मात्र रोज यायची. तिची कालवड ऑगस्टच्या जत्रेतल्या गुरांच्या स्पर्धेत उतरणार होती. तिथेच हौशी चित्रांचीही स्पर्धा असते म्हटल्यावर एकनाथरावांचे हात शिवशिवले. हॅटीचंच चित्र काढायचं ठरलं.

पहिल्या दिवशी आईनं तिला गुलाबी फ्रॉक घालून, केस विंचरून पाठवलं. चेहरा काही केल्या जमेना. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पोरगी थेट गोठ्यातून आली. शेणानं माखलेले गमबूट, केसांत गवत, पुढचा दात पडलेला, मनगटाला कालवडीचा दोर गुंडाळलेला.

"अशीच थांब!" एकनाथराव मराठीतच ओरडले. ती थांबली.

चित्र पुरं झालं तेव्हा आई बघायला आली, आणि गमबूट बघून कपाळाला आठ्या घालत निघून गेली.

"बाबा, फ्रॉक रंगवा ना वरून, प्लीज," जागृती म्हणाली. "रोजचे शेजारी आहेत."

"जन्मभर गिऱ्हाईक म्हणेल तसं रंगवलं, बाई. हे नाही बदलायचं."

जत्रेच्या दिवशी ते मंडपाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. हॅटीचे आजोबा आले. वर्षभरात 'हॅलो'पलीकडे न गेलेला माणूस. टोपी काढून चित्रापुढे उभा राहिला तो हलेचना. मग त्यांनी सुनेला, हॅटीच्या आईला, हाक मारली आणि दोराकडे बोट दाखवलं.

"आजोबा म्हणतात, दोर असा धरायला मीच शिकवलंय तिला," जागृती बाबांच्या कानात पुटपुटली.

आईनं चित्र पुन्हा पाहिलं, सावकाश. डोळे पुसत ती आली आणि एकनाथरावांचे रंगाचे डाग मुरलेले हात तिनं दोन्ही हातांत धरले. तेवढ्यात परीक्षकांनी चौकटीवर पहिल्या बक्षिसाची निळी फीत लावली. कालवड चौथी आली होती, पण हॅटीला त्याचं काय! येईल त्याला ती सांगत होती, "दॅट्स मी!"

दुपारपर्यंत तीन शेतकरी आपापल्या पोरांची चित्रं काढून मागायला आले.

"हो म्हण," एकनाथराव लेकीला म्हणाले, "फक्त सांग, आंघोळ घालून आणू नका!"