पाठवणीच्या दोन ओळी

सप्टेंबर उजाडला तरी आखातातल्या अल मनखूलची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. हमदुल्ला परकारांनी एसीखालची भरलेली बादली उचलली आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याला ओतली. रोजचंच काम, पण आज अर्धं पाणी पायावर सांडलं.

"अब्बा, अकराला फंक्शन आहे. जीवनगौरव! शेरवानी काढून ठेवलीय," सून सायरा म्हणाली.

"हव्वाबीचं विमान किती वाजता?"

"संध्याकाळी सातला. तिसऱ्यांदा विचारताय."

पोर्टातली कारकुनी सांभाळून हमदुल्लांनी तीस वर्षं कोकणी मुसलमान बायकांची लग्नातली गाणी वहीत उतरवली. एकशे बारा. फक्त पाठवणीच्या गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या येणारी एकच बाई उरली होती, वरच्या मजल्यावरची हव्वाबी. मुलाची नोकरी सुटली म्हणून ती आज कायमची रत्नागिरीला निघाली होती. आणि ती गात नव्हती. निघणारी नवरी समोर नसताना पाठवणी म्हटली तर घराला बाधते, एवढंच तिचं म्हणणं.

हॉलमध्ये अध्यक्ष सांगत होते, "परकारसाहेबांनी एकही गाणं सुटू दिलं नाही!"

टाळ्या पडल्या. हमदुल्ला खुर्चीत चुळबुळले. अंगावर शाल पडली तसे ते उठले आणि पायऱ्या उतरून थेट तिसऱ्या रांगेत हव्वाबीसमोर उभे राहिले.

"साहेब चुकले. दोन ओळी सुटल्यात, त्या हिच्यापाशी हायत." त्यांनी शाल तिच्या खांद्यांवर टाकली. "हव्वाबी, एकतीस वर्षांचं घर सोडून चाललीस. आज निघणारी तूच गो."

"मेल्या, बहात्तराव्या वर्षी नवरी करतोस माझी?"

हॉल हसला. ती हसली नाही. शालीचं टोक तिनं डोक्यावर ओढलं.

"पण आपली पाठवणी आपण गात नाय कोण. बायांनो, उठा. मी सांगते, तुम्ही म्हणा."

पहिली उठली सायरा. मग दहा-बारा जणी. हमदुल्ला शेरवानी चाचपत राहिले. पेन घरीच राहिलं होतं.

दुपारी सायरानं भात ढवळता ढवळता त्या ओळी पुन्हा म्हटल्या, तेव्हा कुठे वहीत उतरल्या. वर हव्वाबीच्या बॅगा ओढल्याचा आवाज येत होता. हमदुल्ला दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"टॅक्सी चारला आहे, अब्बा. आणि बादली वाहतेय बघा."

त्यांनी शेरवानीच्या बाह्या वर सारल्या आणि बादली उचलली.