झुरिकची गाय आणि जिनिव्हातली आई

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात आमच्याकडे कुणी कुणाला विचारत बसत नाही. माझं घोडं मात्र व्हिसापाशी अडलं. नोकरी बदललेली, नवे कागद अजून यायचे होते, आणि वकिलाने बजावलं होतं की तोवर देश सोडायचा नाही. मग काय, मी माहेरी जाऊ शकत नाही तर माहेरानेच अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीला यायला हवं. माहेर म्हणजे एकटी आई. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. साताऱ्याहून पुण्याला यायचं तरी आई शेजारच्या मावशींना बरोबर घ्यायची, आणि आता तीच मुंबईहून झुरिक, झुरिकहून न्यूअर्क अशी एकटीने यायची होती. २००५ चा डिसेंबर होता आणि मला आठवा महिना लागला होता.

आमच्या ओळखीचे एक काका-काकू होते, दोघंही निवृत्त डॉक्टर, आम्ही जन्मायच्या आधी अमेरिकेत आलेले. काकू म्हणाल्या, "अगं, व्हीलचेअर सांग. आम्ही सगळ्यांना तेच सांगतो. चालता येत नाही म्हणून नव्हे गं, ढकलणारा वाट चुकू देत नाही म्हणून."

मी आईला फोनवर सांगितलं.

"मला काय धाड भरलीय?" आई कडाडली. "रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येते मी. आणि खुर्चीत बसून ढकलून घेऊ?"

"आई, तिथे तुला ओळखतंय कोण?"

"मी ओळखते ना मला!"

झालं. व्हीलचेअर कॅन्सल केली. मग मी वही लिहायला घेतली.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. पायरी कोणती, ती केल्यावर काय दिसायला हवं आणि ते दिसलं नाही तर काय, हे लिहून लिहून माझी आठ वर्षं गेली होती. आईची वहीही तश्शीच लिहिली, मोठ्या मराठी अक्षरात. पायरी पहिली, विमानातून उतर. पायरी दुसरी, अमुक रंगाची पाटी बघ. शेजारी त्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी काढून दिली, म्हणजे ती ताडून बघू शकेल. आईला इंग्रजी अक्षरं ओळखता येत, चार-दोन शब्द येत, बोलणं मात्र येत नसे.

नवरा ऑफिसच्या कामाने दोनदा झुरिकला जाऊन आला होता. मी त्याचा जीव खाल्ला. उतरलं की डावीकडे की उजवीकडे? जिना चढायचा की उतरायचा? बिचारा डोळे मिटून आठवायचा. एकदा एकदम म्हणाला, "अरे हो, गाय!"

"कसली गाय?"

"तिथे जमिनीखालून एक छोटी गाडी जाते. अमेरिकेच्या विमानांकडे जायला त्याच गाडीत बसावं लागतं. आणि आत गाईचं हंबरणं ऐकवतात. गळ्यातल्या घंटासुद्धा. डोंगरातला देश ना, हौस त्यांची!"

मला तर हर्षच झाला. पाट्या बदलतील, गेट बदलतील, पण गाय ऐकून आई चुकणार नाही. मी लाल शाईने चौकट करून लिहिलं: "गाय हंबरली की समज, तू बरोबर गाडीत आहेस. गाय हंबरली नाही तर रस्ता चुकला. मग जिथे असशील तिथेच बस. कोणीही बोलावलं तरी जायचं नाही." हे शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं, कारण चुकून ती बाहेरच्या दाराकडे गेली असती तर स्विस व्हिसा कुठे होता तिच्याकडे? वहीच्या पुठ्ठ्यावर माझा फोन नंबर लिहिला आणि वही कुरियरने पाठवून दिली. आईने ती पाठ केली. फोनवर मी पायरी विचारायची आणि ती पाढे म्हटल्यासारखी उत्तर द्यायची. शेवटी म्हणायची, "आता बास गं. तुझी गाय माझ्या स्वप्नात यायला लागली."

मुंबईहून विमान वेळेवर सुटलं. सकाळी साडेपाचला जाग आली तशी मी पोट सावरत कॉम्प्युटरपाशी गेले. आई एव्हाना झुरिकला केव्हाच उतरलेली असायला हवी होती. स्क्रीनवर दिसलं, झुरिकला दाट धुकं, विमान जिनिव्हाला वळवलं.

जिनिव्हा! माझ्या वहीत जिनिव्हा हा शब्दसुद्धा नव्हता.

मी नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं. तो डोळे चोळत इंटरनेटवर वाचायला लागला. त्या देशाचे मोठे विमानतळ तीन, झुरिक, जिनिव्हा आणि बाझल. बाझलचा तर चक्क फ्रान्सच्या जमिनीवर आहे. जिनिव्हाचा त्यांच्याच जमिनीवर, पण त्याला एक दार स्वित्झर्लंडकडे आणि एक दार फ्रान्सकडे उघडणारं.

"म्हणजे ती फ्रान्समध्येसुद्धा जाऊ शकते?"

"अगं, जाऊ शकते असं नाही, पण..."

"वाचू नकोस पुढे!" मी ओरडले. काय मेला देश तरी! सगळे डोंगरच डोंगर, सपाट जागा मिळेना म्हणून विमानतळ शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवायचा? त्या क्षणी मला त्या सगळ्या बर्फाळ शिखरांचा भयंकर राग आला. नवरा विमान कंपनीला फोन लावून बसला. तिकडून नुसतं संगीत वाजत होतं.

सहा वाजता माझा फोन वाजला. जिनिव्हाच्या विमानतळावरची एक बाई बोलत होती. आवाज गोड, इंग्रजी जरा वेगळ्याच वळणाचं. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या आई माझ्यासमोर बसल्या आहेत. ठीक आहेत. पण त्या सकाळपासून उठायला तयार नाहीत. त्यांच्याबरोबरचे सगळे प्रवासी गेले. त्यांना आम्ही इथूनच न्यूअर्कच्या विमानात जागा दिली आहे, ते तासाभरात सुटेल. मी हात पुढे केला की त्या म्हणतात, नो काऊ, नो गो." मग जरा थांबून तिने विचारलं, "मॅडम, काऊ म्हणजे गायच ना?"

हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

"आईला द्या."

"हॅलो," आईचा आवाज आला. मोठ्याने, ट्रंक कॉलवर बोलावं तसा. "गाय नाही आली गं."

"आई! तुझं विमान दुसऱ्या गावी उतरलंय. तिथे गाय नाहीच आहे. ही बाई चांगली आहे, तिच्याबरोबर जा."

"नक्की तूच बोलतेस ना?"

"मीच बोलतेय! दुसरं कोण तुझ्यावर एवढं ओरडेल?"

"ते खरं," आई म्हणाली. "बरं, मग आता पायरी कुठली? सांग. डावीकडे का उजवीकडे?"

झुरिकचा जिना न् जिना मला पाठ होता. जिनिव्हाचं एक दारही माहीत नव्हतं. आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या सुटलेल्या जागा शोधून त्यांना बोल लावत होते आणि माझ्या आईच्या वहीत मी अख्खं गाव सोडलं होतं. धुकं पडू शकतं, एवढं साधं सुचलं नाही मला.

"आई, मला माहीत नाही," मी म्हणाले. आणि रडत रडत सांगितलं, "त्या बाईचा हात धर आणि विमानात बसेपर्यंत सोडू नकोस. एवढंच."

"बरं. रडू नकोस अशा दिवसांत. काही खाल्लंस का?"

"तू खाल्लंस का?"

"दशम्या होत्या की. हिलाही दिली एक. तिखट लागली तिला, पण खाल्लीन् पूर्ण."

फोन बंद झाला. मग नऊ तास मी काय केलं ते विचारू नका. नवरा म्हणायचा, जरा आडवी हो. मी आडवी व्हायची आणि पुन्हा उठून कॉम्प्युटर बघायची. विमान सुटलं हे कळत होतं, पण आई त्यात आहे का, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. नियम म्हणे! काकू दुपारी खिचडी घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. व्हीलचेअरचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही, म्हणून मी आजही त्यांची ऋणी आहे.

न्यूअर्कच्या विमानतळावर प्रवासी बाहेर येतात ते दार उघडायचं, माणसं यायची, दार मिटायचं. प्रत्येक वेळी पोटातलाही लाथ मारायचा. माणसं संपत आली, तरी आई दिसेना. मी नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की त्याच्या कातडीवर माझी नखं उमटली. आणि मग ती आली. नऊवारी नव्हे, पाचवारीच, वर बाबांचा जुना स्वेटर, पायात पांढरे बूट, ट्रॉली ढकलत, केस जरा विस्कटलेले. मला बघून तिने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "वाळलीस," म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडले.

रडून झालं आणि माझा मूळ स्वभाव जागेवर आला. गाडीत बसल्या बसल्या मी तिला फैलावर घेतलं. "तुला कळत कसं नाही गं? विमानातली सगळी माणसं एकीकडे चालली, तर त्यांच्या मागे जायचं! ती बाई गणवेशातली, बिल्ला लावलेली, एवढी विनवत होती. तासन् तास एका जागी बसायचं म्हणजे काय? विमान चुकलं असतं तर? मी लिहिलं म्हणून काय ते वेदवाक्य झालं?"

आई खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग होते. नवरा आरशातून मला खुणावत होता की आता पुरे.

"दुसरं गाव आहे हे मला उतरल्या उतरल्याच कळलं होतं," आई शांतपणे म्हणाली. "तू लिहिलेली एकही पाटी जुळेना. मी काय वेडी आहे, गाईची वाट बघायला? त्या बाईला समजेल असा माझ्याकडे तेवढाच शब्द होता, म्हणून म्हणत होते."

"मग गेली का नाहीस तिच्याबरोबर?"

"तिने आणखी तिसरीकडेच नेलं असतं, तर मी कुठे आहे हे तुला कसं कळणार? मी हरवले असते त्याचं एवढं नाही गं. माझं आता काय राहिलंय? पण तू गप्प बसणारी आहेस का? हे पोट घेऊन विमानात बसली असतीस मला शोधायला. मग म्हटलं, आपण इथून हलायचं नाही. बसल्या जागी सापडलो तर पोरीला हिंडावं लागणार नाही."

वकिलाने देश सोडू नको म्हणून सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी जिनासुद्धा जपून चढायला. पण आईचं खरं होतं. मी निघाले असते.