पाण्याला नाही म्हणायला

"जिना चढंल का रे ह्यो गुडघा?" गुडघ्याला मशीनची रिंग बसवली की म्हातारी रोज हेच विचारायची. दुखणं थांबेल का, झोप लागेल का, असलं काही नाही. फक्त जिना.

शहरातल्या छावणी भागातल्या एका दवाखान्यात मी चुंबकाचं मशीन चालवायचो. त्याला ना चटका, ना मुंग्या. तिला ते पटत नसे. "करंट लागंना, मंग गुण कसा यील? वाढव जरा." मी नुसतं बटणावर बोट टेकवायचो. ती लगेच म्हणायची, "हां, आता लागलं."

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, झीज भरून येणार नाही. दुखणं थोडं हलकं झालं तर झालं, व्यायाम मात्र करा. ती चितेगावहून बसने यायची आणि दवाखान्याच्या तीन पायऱ्या दहा-दहा वेळा चढायची.

एकदा मी विचारलंच, "मावशी, जिना कुणाचा?"

"दिराचा. दुष्काळात हिरीला कुलूप घातलं मुडद्यानं. मेंढरं तडफडून मेली माझी. दोन कोसावरून हंडे वाह्यले, गुडघं तिथंच गेलं. आता शेत इकून वाळूजला तिसऱ्या मजल्यावर बसलाय. लिफ्ट नाय."

"जाऊन भांडणार?"

"भांडायचं कशाला? दारात आलेल्याला पाणी इचारावंच लागतं. त्यानं इचारायचं, म्या नाय म्हणायचं. बस."

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो.

मग दोन आठवडे ती फिरकली नाही. आली ती लंगडत, पण तोंडभर हसत.

"गेल्ते. तांब्या घिऊन हुबा व्हता. घसा कोरडा पडला व्हता माझा, तरी म्हणलं, नको."

"आणि उतरलात कशा?"

"बसून. एकेक पायरी."

उरलेल्या दिवसांचं मशीन तिने घेतलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या गावच्या एका पेशंटकडून कळलं, म्हातारी वारली. फार वाईट वाटलं मला.

त्यानंतर वर्षभराने वाळूजहून एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलाने खुर्चीत बसवून तीन मजले उतरवून आणलं. मुलगा औषधं आणायला गेला, तसा म्हातारा गप्पांना लागला. "चितेगावची आमची हीर दुष्काळातबी आटली नाय. कुलूप घातलं म्हणून टिकलं पाणी."

माझा हात बटणावरच थांबला.

मशीन झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, जरा पाणी देतो का?"

एरवी प्रत्येक पेशंटला मी स्वतः पाणी नेऊन देतो. चुकलोही असेन, पण त्या दिवशी मी जागचा हललो नाही.

"माठ कोपऱ्यात आहे," मी म्हणालो. "घ्या उठून. त्याला कुलूप नाही."