भुऱ्या घरी होता

मला शिकवलं ते पार्बताबाईंनी. असं म्हटलं की आमच्या गावातली माणसं हसतात, कारण बाईंना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. पण नागभीडजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची जंगलापलीकडे. वाघाच्या भीतीनं माझ्या वर्गातल्या दोघांनी शाळा सोडली. माझे आईवडील उजाडताच मजुरीला जात. तेव्हा शेजारच्या या एकट्या बाईनं एक दिवस माझं दप्तर आपल्या खांद्यावर टाकलं आणि कुत्र्याला हाक मारली. पुढं कुत्रा, मधे मी, मागं बाई... दहावीपर्यंत हीच ओळ. कुत्रा थांबला की थांबायचं, गुरगुरला की मागं फिरायचं. "मानसाचं नाक नुस्तं शेंबडासाठी राह्यते बे," बाई म्हणत. "जंगलात त्याच्या नाकानं चालाचं." आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ती वाट कुत्र्यामागून चालून संपवली.

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोकणातल्या किनाऱ्यावर पर्यटकांना कासवाची पिल्लं दाखवत होतो. तिथल्या अभयारण्याच्या माहिती केंद्रात माझी नोकरी आहे. गावाहून माझा बालमित्र प्रमोद बोलत होता. "मोहफुलं वेचाले गेली होती सकाळी. वाकून वेचून राह्यली होती, आन मागून अस्वल..." मी मधेच बाईंच्या कुत्र्याचं विचारलं, "भुऱ्या कुठं होता?" तो म्हणाला, "घरी. बांधून होता."

दोनच महिन्यांपूर्वी बाई माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. "समुद्र मले दाखव एकदा," असं त्या कधीच्या म्हणत होत्या. प्रमोद त्यांना घेऊन आला, आणि गाडीतून उतरताना पाहतो तर बरोबर भुऱ्या! मी शाळेत जायचो तेव्हाच्या कुत्र्याचा हा नातू. अभयारण्य म्हणजे जंगल, आणि जंगलात कुत्र्याविना जायचं नाही, हा बाईंचा साधा हिशेब. फाटकावर मी थांबलो.

"काऊन थांबला बे?"

"बाई, कुत्रा आत नेता येत नाही."

"कासव चावते का त्याले?"

"कासवं वाळूत अंडी घालतात. कुत्रे उकरून खातात."

"मोहाखाली याले पाहून अस्वल पळते, आन इथी अंड्याले भेवून राह्यले!" त्या मोठ्यानं हसल्या. आमचे साहेब मागं उभे होते. मी खालच्या आवाजात म्हणालो, "मी धरतो त्याला, तुम्ही जाऊन या." पण बाईंनी मान हलवली. अनोळखी जागी त्याला सोडून त्या जाणार नव्हत्या. सुरूच्या झाडाखाली भुऱ्याला टेकून बसल्या आणि झाडीपलीकडून येणारा समुद्राचा आवाज ऐकत राहिल्या. दुसऱ्या किनाऱ्यावर नेईन, असं मी म्हटलं होतं. पण मला रजा मिळाली नाही आणि प्रमोदचं परतीचं तिकीट ठरलेलं होतं. जाताना बाई म्हणाल्या, "तुह्या कायद्यात काही तरी खरं असंनच. सारं लिहून धाड. फोनवरचं हवेत जाते, कागद राह्यते." बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं...

मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. बाईंच्या खोलीत मोहफुलांची रिकामी टोपली होती. खुंटीवर एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती, तिच्यात माझं पत्र. शेजारच्या वनितावहिनींनी ते त्यांना तीनदा वाचून दाखवलं होतं. "आम्ही म्हनलं, बाई, मोहाचे दिवस हायेत, कुत्रा ने," वहिनी सांगत होत्या. "तं म्हने, माह्या पोरानं लिहून धाडलं हाय. तो शिकला हाय." भुऱ्या बरोबर असता तर बाई वाचल्या असत्या का, हे कुणीच सांगू शकत नाही. वनखात्याचे लोकही तसंच म्हणाले. आणि पत्रात मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. या दोन गोष्टी मी रोज स्वतःला सांगतो.

निघताना मी दोर सोडला. भुऱ्यानं माझी बॅग हुंगली, आणि शाळेच्या जुन्या वाटेवर पुढं जाऊन उभा राहिला. मागं वळून पाहत. पुढं कुत्रा, मधे मी... मागचं कुणी येईना, म्हणून तो हलेना.

ते पत्र आता माझ्याकडे आहे. घड्या पडून मधे फाटलं आहे, पण अक्षर स्वच्छ लागतं.

"प्रिय पार्बताबाईंना नमस्कार. तुम्हाला फाटकाबाहेर बसावं लागलं, याचं फार वाईट वाटतं. पण नियमामागं कारण आहे. कुत्र्यांचे रोग जंगलातल्या जनावरांना लागतात, वाघालासुद्धा. म्हणून आपल्याकडेही भुऱ्याला जंगलात नेऊ नका, घरी बांधून ठेवत जा. गावात इतर कुणी ऐकणार नाही, पण तुम्ही माझं ऐकाल, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी या. मी स्वतः पुढं चालून तुम्हाला समुद्र दाखवीन."