गोठ्यातलं शूटिंग

"आईंना सांग, तिथे गोठ्यात बसा. म्हशीच्या शेजारी. आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

मॅडमनी हे मला सांगितलं. आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मॅडम पुण्याच्याच. येताना गाडीत अर्धा तास फोनवर सासूशी मराठीत बोलत होत्या. पण आमच्या दारात उतरल्यापासून आईशी एक शब्द नाही. जे काय असेल ते माझ्यामार्फत.

आणि मी सांगितलं. "आई, गोठ्यात बस."

आमचं गाव डिंभ्याच्या पुढे, धरणाच्या कडेला. आम्ही आदिवासी. मी अवसरीला इंजिनिअरिंग केलं आणि चार वर्षांपासून पुण्यात एका परदेशी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिथे दरवर्षी विविधता सप्ताह असतो. जगभरातल्या ऑफिसांतून एकेका कर्मचाऱ्याची फिल्म मागवतात. यंदा पुण्याच्या ऑफिसाला आदिवासी मुलगी हवी होती. मी सापडले. त्याच सुमारास आमच्या टीममधून एकाला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं होतं आणि यादीत माझं नाव वर होतं. एचआरच्या या मॅडम म्हणाल्या, तिकडच्या साहेबांनी फिल्म बघितली की तुझं काम सोपं होईल. मला जायचं होतं. लई जायचं होतं. म्हणून मी त्यांना घरी आणलं.

आई अंगणवाडी सेविका. पाहुणे येणार म्हणून तिनं फरशी दोनदा पुसली. माझ्या पदवीच्या वेळी घेतलेली मोरपंखी साडी नेसली. नाचणीच्या भाकरी, धरणातल्या माशांचं कालवण, सगळं तयार. मॅडमनी दारातूनच डोकावलं. स्लॅब, फरशी, गॅस, फ्रीज. तोंड कसनुसं केलं.

"हे फारच नॉर्मल आहे गं."

मग सुरू झालं. साडी बदलायला सांग. आईनं भातलावणीच्या चिखलातली साडी काढून नेसली. फ्रीज झाक. मी त्यावर गोधडी टाकली. स्कूटी दिसतेय. मी ती शेजाऱ्यांच्या घरामागे नेऊन लावली. कुणी माझा हात धरून हे करून घेतलं नाही. मी पळत पळत केलं.

शेवटी गोठा. आई दारातच थांबली.

"अगं, हे गुरांचं हाय. मानसं तिकडं ऱ्हात्यात. सांग की त्यांना."

मी त्यांना सांगितलं नाही. आईला म्हणाले, थोडा वेळच बस. तिनं पायानं शेण बाजूला सारलं आणि खाली बसली. मॅडम नाकाला रुमाल लावून बाहेर उभ्या राहिल्या, पण म्हणाल्या, "परफेक्ट." दुपारी जेवणाला कुणी हात लावला नाही. मॅडमनी गाडीत बसून, काचा वर करून सँडविच खाल्लं. कॅमेरावाला मात्र कालवणाकडे बघत होता, त्याला म्हणाल्या, "नको हं, पोट बिघडेल." आई तिथेच ताटं मांडत होती. तिला सगळं ऐकू गेलं.

जेवणानंतर आईला परत गोठ्यात बसवलं आणि तिच्या हातात एक कागद दिला. त्यावर एक ओळ छापलेली, ती कॅमेऱ्यासमोर म्हणायची. 'या कंपनीनं माझ्या मुलीला माणूस बनवलं.'

आईनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्ये म्हनलं की तुला तिकडं धाडत्याल ना?"

मी मान हलवली.

"मंग म्हन्ते मी. तुझ्यासाठी काय बी म्हन्ते. पन एक सांग. कंपनी यायच्या आधी तू कोन व्हतीस?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मी कॅमेऱ्यासमोर आडवी गेले आणि आईला हाताला धरून उठवलं.

"बंद करा."

"अगं, हे तुझ्यासाठीच चाललंय ना?" मॅडम म्हणाल्या. "इतकी सेन्सिटिव्ह राहिलीस तर बाहेर कसं निभावणार?"

"माझ्याशी नका बोलू. आईशी बोला. ती समोर उभी आहे. तिची माफी मागा."

त्यांनी मोबाईलमध्ये बघितलं, कॅमेरावाल्याला सामान आवरायला सांगितलं. गाडी निघून गेली. आईनं हातपाय धुतले आणि उरलेलं कालवण शेजारी वाटून टाकलं.

मॅडमची किळस आली. अजून येते. पण माझी स्वतःची जास्त येते. त्यांना गोठ्याचं दार माहीत नव्हतं. ते मी उघडून दिलं.

सोमवारी ऑफिसात माझ्यापुढे संमतीचा फॉर्म आला. मी सही केली नाही. झालेलं शूटिंग माझ्यासमोर पुसा, असं लेखी दिलं. अजून उत्तर नाही. यादीतलं माझं नाव मात्र लगेच गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मागच्या आठवड्यात मॅडम माझ्याच मजल्यावरच्या एका मुलीकडे गेल्या. ती जुन्नरची, मुसलमान. तिची आई हायस्कुलात गणित शिकवते. मॅडमनी तिला विचारलं, "शूटिंगपुरता बुरखा घालतील का गं त्या?" पोरगी माझ्याकडे आली. "ताई, आमच्या अम्मीनं आयुष्यात कधी घातला नाही. काय सांगू?"

मी तिला सगळं सांगितलं. गोधडी, स्कूटी, शेण. सांगताना मान वर होत नव्हती, तरी काही गाळलं नाही. मग आम्ही दोघींनी बसून मुख्यालयाला पत्र लिहिलं. कोण काय म्हणालं, कुणी काय केलं, सगळं ओळीनं. खाली दोघींच्या सह्या.

तेव्हापासून मला आडून सुचवतात, दुसरीकडे बघ, तुझ्यासारखीला कुठेही मिळेल. मिळेल. पण मी जाणार नाही. यापुढे ज्याच्या घरी ही गाडी निघेल, त्याला मी आधी गाठणार आणि हे सांगणार. नावं घेऊन सांगणार. मॅडमचं, आणि माझंसुद्धा.