मीडियम मापाची बाई

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे मीडियम म्हणत. तिचं काम ऐकायला अगदी सोपं. नव्या कपड्याचा नमुना शिवून झाला, की तो अंगात घालून तिने उभं राहायचं. कटिंग मास्तर तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत, इथे आवळत, तिथे सोडत, आणि तिच्या अंगावर बसला की तो मीडियम ठरे. बाकीची लहानमोठी मापं त्यावरून निघत. छापील मापांवर मास्तरांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागद श्वास घेत नाही," ते म्हणत. "मी बाई बघतो. बाई जशी, तसा पॅटर्न."

एकदा तापाने ती चांगली महिनाभर अंथरुणाला खिळली. परत आली ती गालफडं बसलेली. मालकीणबाईंनी तिला नमुन्यात पाहिलं आणि टाळी वाजवली. "अगं बाई! ताप मानवला की तुला! कपडा कसा पडतोय बघ अंगावरून! अशीच राहा."

आजारातून उठलेल्या माणसाला चार घास जास्त खा म्हणायचं, तर ही म्हणे अशीच राहा. आणि ते ऐकून फुलून जाणारी आपली मीडियम! दोघींच्या अकलेला काय म्हणावं? मास्तरांनी तिच्या नव्या अंगावर पुठ्ठ्याचा नवा पॅटर्न बेतला आणि काम पुढे चालू झालं.

तेव्हापासून ती पहाटे उठून धावायला लागली. डब्यात उकडलेला कोबी, मीठसुद्धा न घातलेला. डबा उघडला की त्याचा कुबट वास खोलीभर पसरे. शेजारी जेवायला बसलेल्या बायका नाकाला रुमाल लावत, पण तोंडाने म्हणत, "चवळीची शेंग आहेस हो! आम्हाला कुठलं जमायला!" तिला गुदगुल्या होत. पाळी आधी मागेपुढे झाली, मग नावापुरती आली, मग आलीच नाही. तिने त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. उलट हे कष्टाचं बक्षीस समजली.

या शेंगेचं आतून काय झालं होतं, ते कौतुक करणाऱ्यांना कुठे दिसत होतं? न्हाणीच्या जाळीत तिच्या केसांचे पुंजके मेलेल्या उंदरासारखे अडकून बसत. डोक्यावरचे गळत होते आणि दंडांवर मात्र लव उगवत होती. तोंडाला नासक्या फळांसारखा वास. शौचाचा चार-चार दिवस पत्ता नाही. लाकडी बाकावर बसलं की माकडहाड टोचे. कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की ही नाक मुरडून बाजूला होई, आणि सगळे पांगले की रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं क्रीम बोटाने खरवडून चाटे. आणि हिला म्हणे निग्रहाची बाई!

मग धावता धावता पावलाचं हाड चिरलं. पडली नाही, ठेचकाळली नाही, नुसती धावत होती. हाडांच्या डॉक्टरांनी तिला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. गाठ नाही, थायरॉइड ठीक, दिवसही गेलेले नाहीत. पाळी शेवटची कधी आली होती, ते मात्र तिला आठवेना.

"मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला वाटतंय बाहेर दुष्काळ पडलाय. त्यात तुम्ही रोज धावताय, म्हणजे मागे काहीतरी लागलं असणार. अशा वेळी पाळी कशाला चालू ठेवायची? केली त्याने बंद."

"मग गोळी द्या ना एखादी."

"गोळीने रक्त येईल हो, पाळी नाही यायची. ती हवी असेल तर धावणं सोडा आणि पोटभर खा. वजन वाढेल, वाढू द्या. नाहीतर ही हाडं बघा. अजून तिशी नाही गाठली तुम्ही, आणि हाडं म्हातारीची."

जी गेल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं, ती पाळी आता तिला काहीही करून परत हवी होती.

ती राहायची ताईकडे. घरात ताई आणि ताईची पंधरा वर्षांची मुलगी. ताईने कंबर कसली. लोण्यात परतलेले बटाटे, अंडी, दूधभात, पावावर बोटभर लोणी. खाऊन पिऊन बरं व्हायचं, यापेक्षा गोड औषध कोणतं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. हिला प्रत्येक घासाची शिसारी येई. लोणी टाळूला चिकटलं की उमासे येत. पोट टम्म फुगे, पावलं सुजत, ढेकरांनी बेजार होई. आरशात पाहिलं की वाटे, आपल्या अंगावर दुसऱ्याच कोणाचं तरी मांस चढतंय.

त्यात मास्तरांचा टेप. "बाई, श्वास जरा आत घ्या." तिने घेतला. पुढच्या खेपेला, "अजून आत." मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "सुटलीस की गं! आवर जरा. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

झालं. आमची बाई पुन्हा मूळपदावर. ताईची पाठ वळली की अंडं रुमालात, रुमाल खिशात. एकदा तो खिशातच विसरला आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या कपाटाला अशी घाण सुटली की ताई उंदीर मेला म्हणून कपाट सरकवत बसली. हिने मदतही केली. लाज कशाशी खातात ते अशा वेळी कळत नाही.

त्याच सुमारास शाळेच्या कार्यक्रमासाठी ताईने भाचीला ड्रेस आणला. मीडियम, कारण पोरगी नेहमी तेच घालायची. चेन अर्ध्यावर अडकली. ताईने ओढली, पोरीने पोट ओढलं, कातडी चिमटली, रक्त आलं, पण चेन काही वर जाईना. "मी म्हैस झालेय," भाची रडत म्हणाली आणि जेवायचं ताट तिने सरकवून दिलं. "मावशी, तू काय खायचीस ते सांग ना मला."

मावशीने ड्रेस उचलला. आतली पट्टी त्यांच्याच कारखान्याची होती. तिने तो अंगात घातला. अंगावर ओतल्यासारखा बसला.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर तिने भिंतीवरचे पुठ्ठ्याचे पॅटर्न उतरवले. तापाच्या आधीचा जुना खाली ठेवला, हल्लीचा वर. जुना चहूबाजूंनी दोन-दोन बोटं बाहेर डोकावत होता.

"मास्तर, हे काय?"

"काय म्हणजे? तुम्ही आटलात, पॅटर्न आटला."

"आणि दुकानातल्या बायका?"

"त्या सुटल्यात. कपडे घट्ट होतात म्हणून तक्रारी येतात ना रोज! हल्ली बायका खातात फार."

कुठकुठल्या दुकानांतल्या आरशांपुढे धडधाकट बायका पोट ओढून उभ्या असतील, स्वतःला शिव्या घालत असतील, घरी जाऊन ताट सरकवत असतील. का, तर एक बाई कोबी खात होती. तिची उपासमार गठ्ठे बांधून दुकानोदुकानी पोचली होती. तिला मास्तरांची किळस आली, मालकीणबाईंची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली.

दुपारी टेप पुन्हा कमरेभोवती आला. "श्वास आत घ्या."

"नाही घेत."

"अहो, जास्त भरतंय."

"भरू दे. जुना पॅटर्न काढा. आणि मला माझी पाळी परत हवीय, मास्तर."

शिलाई मशिनं थांबली. मास्तरांनी टेप असा सोडला, जशी काय पालच पडली हातावर. मालकीणबाई म्हणाल्या, "असलं बोलतात का कामाच्या ठिकाणी?" आठवड्याच्या आत तिची रवानगी काज-बटणांच्या टेबलावर झाली, आणि तिच्या जागी एक काडीसारखी मुलगी उभी राहिली. जुना पॅटर्न कोणी काढला नाही. न्यायाची अपेक्षा असेल त्याने दुसरीकडे जावं.

ती मात्र खात राहिली. आवडीने नव्हे, सूड घेतल्यासारखी. जुने कपडे बसेनासे झाले, मांड्या एकमेकींना घासायला लागल्या, हनुवटीखाली वळी आली. आज येईल, उद्या येईल म्हणून रोज अंतर्वस्त्र तपासायची आणि कोरडं पाहून चिडायची. मग शेजारणीवर, ताईवर, लोण्याच्या डब्यावर राग निघायचा. घरात तिच्या पोटाखेरीज दुसरा विषय नव्हता.

आणि एका सुट्टीच्या दुपारी ओटीपोटात कळ आली. न्हाणीघरात जाऊन पाहिलं, तर आधी कॉफीच्या गाळासारखा डाग, मग लाल. चिकट, उग्र वासाचं, चांगलं भरघोस रक्त. तिला किळस आली नाही. ती ओल्या फरशीवर बसून हसली, रडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की घरात आपल्याजवळ एकही पॅड नाही.

"अगं ए," तिने दाराआडून भाचीला हाक मारली, "एक पॅड दे ना."

दाराच्या फटीतून हात आला. हातात अख्खं पाकीट होतं, न फोडलेलं.

"एकच पुरे गं."

"ठेव सगळं. मला नाही लागत."

"नाही लागत म्हणजे?"

"बंद झालीय. कधीची. आईला सांगू नकोस, नाहीतर माझ्यापुढेही लोणी थापत बसेल."

एवढे महिने एकाच टेबलावर जेवत होत्या दोघी. आपल्या ताटातला घास गिळण्याच्या लढाईत मावशीने समोरच्या ताटाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती बाहेर आली आणि तिने पोरीकडे नीट पाहिलं. मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराजवळ गेलं होतं.

"चल, आईला सांगू."

"नाही!" भाची मागे सरली. तिची नजर मावशीच्या पोटावर गेली, मांड्यांवर गेली, आणि नासकं काहीतरी ताटात पडावं तसं तिचं तोंड वाकडं झालं. "मला तुझ्यासारखं नाही व्हायचं."

"हे गेल्या वर्षी म्हणाली असतीस, तर फार बरं झालं असतं गं," मावशी म्हणाली, आणि तिने ताईला हाक मारली.