पंतांनी मागे घेतलेला रिपोर्ट

नरहरपंतांचा आणि माझा पहिला परिचय कुर्डुवाडीच्या फलाटावर, एका भांडणात झाला. युरोपातली लढाई तेव्हा ऐन भरात होती आणि आपल्या मुलुखात काय काय आहे याची सरकारला एकाएकी आठवण झाली होती. जमिनीत दगड कोणता, माळावर गवत किती, कातडे कमावायला तरवडाची साल कुठे मिळेल, रानात जनावर कोणते, या सगळ्याची पाहणी करण्यासाठी सोलापुरात एक लहानसे खाते उघडले होते. त्यात नकाशे काढण्याच्या कामावर माझी नुकतीच नेमणूक झाली होती. फलाटावर पाहतो तो डोक्याला उपरणे गुंडाळलेले एक गृहस्थ पार्सलबाबूशी हुज्जत घालीत आहेत आणि बाबू त्यांना विचारतो आहे, "सोलापुरात दगड कमी पडलं म्हून हितनं न्हेताय व्हय?" खोक्यांत खरोखरच दगड होते. गृहस्थ म्हणाले, "कमी नाहीत हो. पण ते तिथले, हे इथले." बाबूचे समाधान झाले नाही, पण तो दमला आणि त्याने पावती फाडली. हेच आपले वरिष्ठ, हे मला गाडीत बसल्यावर कळले आणि माझा धीर बराच खचला.

आज पंतांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली उन्हातान्हात वणवण केलेला माणूस. मी त्यांच्या हट्टांविषयी लिहितो.

पंतांना जिवंत वस्तूचे भारी कौतुक. एका पावसाळ्यात आमचा डेरा माळावर पडला होता. खुंट्या ठोकून झाल्या, चूल पेटली, आणि पंतांना जवळच उघड्या जमिनीवर माळढोकाचे अंडे दिसले. त्यांनी ताबडतोब डेरा उठवायला सांगितले. आमचे गाडीवान इमामभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "एक अंडे के वास्ते पूरा डेरा उठाना क्या जी, पंतजी?" पंत म्हणाले, "इमामभाई, आपल्याला दुसरीकडे झोप येईल, तिला दुसरीकडे अंडे येणार नाही." भिजत भिजत आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. त्या रात्री पंतांना कोणीही चांगले म्हटले नाही, मी तर नाहीच नाही.

असाच एकदा मी फिरतीवर तापाने फणफणलो. पंतांनी स्वतः काढा केला आणि समोर बसून पाजला. इतका कडू काढा मी पुन्हा कधी प्यालो नाही. पण ताप उतरेपर्यंत हा माणूस माझ्या उशाशी बसून माझे अर्धवट राहिलेले नकाशे पुरे करीत होता, आणि वर पाठवताना त्यांवर नाव माझेच घातले. माझ्या आईने मरेपर्यंत पंतांचे नाव काढल्याबरोबर हात जोडले.

त्यांच्या एका रीतीवर मात्र सारे खाते वैतागलेले असे. गावची पाहणी संपली की रिपोर्ट सोलापूरला धाडण्यापूर्वी पंत तो त्या गावच्या चावडीत मराठीतून वाचून दाखवीत. "तुमच्या घरचे काय आहे ते मी लिहून नेतो आहे. काय लिहिले ते ऐकून घ्या आणि चुकले असेल तर सांगा," असे म्हणत. लढाईच्या दिवसांत सरकारी कागद असा चव्हाट्यावर वाचणे वरच्या मंडळींना मुळीच खपत नसे. ताकिदी आल्या. पंतांनी त्या फाइलीला नीट लावल्या आणि पुढच्या गावी पुन्हा चावडीत जाऊन बसले.

या रीतीची त्यांना काय किंमत पडली, ते सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

अक्कलकोटच्या अलीकडे एक गाव आहे. तिथे बायका मराठीत भांडतात आणि कानडीत समेट करतात. लष्कराच्या घोड्यांसाठी गवत हवे होते, आणि त्या गावच्या माळावर किती निघेल हे पंतांनी सांगायचे होते. भरपूर निघणार असेल तर सरकार माळ बंद करणार आणि गवत कापून नेणार. मग गावच्या गुरांनी उन्हाळ्यात काय खायचे, हा प्रश्न कोणत्याच कागदावर नव्हता.

पंतांनी माळावर एक चौकोन आखला, त्यातले गवत कापून तोलले आणि त्यावरून साऱ्या माळाचा हिशेब मांडला. मध्ये एक टेकाड होते. पलीकडे जाऊन पाहायचे होते, पण खात्याचे साहेब त्याच दिवशी मोटारीने येऊन थडकले. त्यांना घाई. आकडा पाहून ते खूश झाले, रिपोर्ट तसाच उचलला आणि खात्यात मोकळी झालेली वरची जागा पंतांनाच देणार, असे सर्वांदेखत सांगून गेले. त्या जागेवर पंतांचा फार दिवस डोळा होता. मी हे लपवीत नाही, कारण तेही कधी लपवीत नसत.

रिपोर्ट तर गेला होता. तरी संध्याकाळी पंत चावडीत बसले आणि त्यांनी सारा मजकूर तोंडी सांगितला. पाटील जमिनीकडे बघत राहिले. तेवढ्यात चावडीबाहेर उभी असलेली सखूबाई नावाची एक बाई बोलली, "आवो सायेब, तुमी कापलं ते बिरोबाचं गवात हाय की. टेकाडाच्या अलीकडं आमी जनावरच सोडत न्हाई. दसऱ्यापातूर कुनी हात लावत न्हाई त्याला, मग उनाळाभर गुरं त्येच्यावरच जगत्यात."

"आणि पलीकडे?" पंतांनी विचारले.

"पलीकडलं गुरं खात्यात न्हवं! काय ऱ्हायलंय तितं? बगून या की."

पाटलांनी तिला दटावले आणि मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "देवाचं गवात कापताना आमी बी बगत हुतो, सायेब. पर सरकारचं मानूस. आडवायचं कसं?"

सकाळी आम्ही टेकाड चढलो. पलीकडे जमीन नुसती खरवडल्यासारखी दिसत होती. पंत एका दगडावर बसून राहिले.

सोलापूरला आमच्या शिरस्तेदारांनी त्यांना बाजूला घेतले. "पंत, लढाईत गवत मोजायला कोण येतंय? आधी जागा पदरात पाडून घ्या, मग सावकाश करा दुरुस्ती."

"तोवर गुरांनी काय माझ्या नेमणुकीचा हुकूम खायचा?" पंत म्हणाले, आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले. माझा रिपोर्ट चुकला आहे, मी टेकाड चढलो नाही, तो मागे घेतो, असे त्यांनी उभ्याउभ्या सांगितले. साहेब संतापले. चुकीबद्दलचा राग होताच, पण चावडीत बोलल्याचा त्याहून जास्त. माळ यादीतून निघाला. जागा पंतांहून धाकट्या एका गृहस्थांना मिळाली आणि पेन्शन होईपर्यंत पंतांनी त्यांच्या हाताखाली काम केले. ते गृहस्थ खोलीत आले की पंत उठून उभे राहत. मला ते पाहवत नसे. पंतांची जागा हिरावणाऱ्या त्या साहेबांचा मला अजून राग येतो.

परवा या लेखासाठी म्हणून मी पंतांना विचारलेच, की तेव्हा वाईट वाटले का. मला वाटले, मोठी माणसे म्हणतात तसे काहीतरी म्हणतील. पंत म्हणाले, "वाटलं की. अजून वाटतं. त्या खुर्चीची मला फार हौस होती हो. घरी कितीतरी दिवस मी कुणाशी धड बोललो नाही." मग पानाला चुना लावता लावता म्हणाले, "पण त्या गावात मला केव्हाही जाता येतं."

आणि ते जातात. दरवर्षी उन्हाळ्यात एकदा ते त्या गावी उतरतात, कोणाच्या तरी ओसरीवर ताक पितात आणि माळावर फिरून येतात. परमेश्वराने आमच्या नरहरपंतांना उदंड आयुष्य द्यावे आणि त्यांचे गुडघे शेवटपर्यंत शाबूत ठेवावेत. ऐन वैशाखातही त्या माळावर गावची गुरे चरत असतात, आणि ती पाहून यायला पंतांना पुढची पुष्कळ वर्षे जायचे आहे.